पॅकमन बेडकाच्या टाकीचा तयार संच : नऊ महिने वापरल्यानंतर

पहिल्या महिन्यात मी या संचाला पाचपैकी साडेचार तारे दिले होते. तो अभिप्राय मी आज मागे घेत आहे, कारण गेल्या ऑक्टोबरात आमचा ढब्बू या संचातल्या सर्वांत लहान वस्तूपायी मरता मरता वाचला. ती वस्तू म्हणजे काचेला आतून चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक. संचातल्या बाकीच्या गोष्टींबद्दलही मी लिहिणार आहे, परंतु हा तापमापक मला काही केल्या सोडून देता येत नाही.

ढब्बू हा क्रॅनवेल जातीचा पॅकमन बेडूक, म्हणजे रुंद तोंडाचा गोलमटोल बेडूक आहे, मूळचा अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हिया या देशांत पसरलेल्या ग्रान चाको प्रदेशातला. न्यू जर्सीत आम्हाला तो अशा बेडकांची पैदास करणाऱ्या एका गृहस्थांकडून मिळाला. एप्रिलमध्ये मुलीने त्याला घरी आणले तेव्हा तो लिंबाएवढा होता. आता माझा तळहात भरतो. संचात टाकी, झाकण, पाण्याचे भांडे, तळाला मातीसारखा पसरायचा काथ्याचा भुसा (पुढे माती म्हणते ती हीच), टाकी उबदार ठेवणारी विजेची हीट मॅट आणि हा तापमापक येतो. दहा गॅलनची काचेची टाकी उत्तम आहे, जाळीचे झाकण घट्ट बसते आणि पाण्याचे भांडे बेडकाला चढा-उतरायला पुरेसे उथळ आहे. या तिन्हींबद्दल माझी कसलीच तक्रार नाही.

उन्हाळाभर सारे सुरळीत होते. ढब्बू एक दिवसाआड पाच-सहा रातकिडे खात असे. चिमट्याने किडा समोर धरला की मातीत डोळ्यांपर्यंत रुतून बसलेला तो गोळा एकदम उसळायचा, तोंड मिटायचे आणि मग त्याचे दोन्ही डोळे हळूहळू डोक्याच्या आत बुडायचे. बेडूक घास घशाखाली ढकलायला डोळ्यांची मदत घेतो हे मला पशुवैद्यांनी नंतर सांगितले, पण मुलगी तोवर ते नेहमी पाहतच होती आणि तिने त्याला ‘डोळ्यांनी गिळणे’ असे नावही दिले होते. रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी असते, म्हणून ते घालण्यापूर्वी आम्ही कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून घेत होतो आणि आदल्या दिवशी त्यांना गाजर व हिरवा पाला खाऊ घालत होतो. नळाच्या पाण्यातले क्लोरामाइन हे जंतुनाशक पाणी रात्रभर उघडे ठेवून जात नाही, म्हणून त्यासाठीचे औषधही न चुकता घालत होतो. एवढे सगळे करूनही जे घडायचे ते घडलेच, आणि म्हणूनच मला ते अधिक लागले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने खाणे सोडले. सुरुवातीला मी घाबरले नाही. ग्रान चाकोमध्ये कोरडा हिवाळा आला की हे बेडूक जमिनीत शिरतात, टाकलेल्या कातडीच्या थरांचे वेष्टन अंगाभोवती तयार करतात आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहतात. तेव्हा ऋतू बदलला की भूक मंदावणे हे त्यांच्या रक्तातच आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. अकरा दिवस असे गेल्यावर मुलीला राहवेना. त्याने काहीतरी खावे म्हणून आम्ही त्याच्यासमोर एक जाड गांडूळ धरले आणि त्याने ते घेतले. आम्हाला दोघींना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या भांड्याशेजारी ते गांडूळ पडलेले दिसले; पांढुरके, बुळबुळीत, जवळजवळ जसेच्या तसे, आणि त्याला कुजका वास येत होता. ढब्बूचे पोट डाव्या बाजूला फुगले होते आणि त्याच्या ओठाच्या कडेला काथ्याचा एक धागा लटकत होता, जो तो पुढच्या पायाने पुन्हा पुन्हा पुसायचा प्रयत्न करत होता. तो धागा ओल्या कापसाने काढताना माझ्या लक्षात आले की आपण टाकीत त्याची विष्ठा शेवटची कधी पाहिली हे आपल्याला आठवतच नाही. मुलीच्या वहीत नोंद सापडली. त्या गोष्टीला एकोणीस दिवस झाले होते.

त्या रात्री मी या संचाबद्दल दुसरा अभिप्राय लिहिला आणि त्यात सगळा दोष काथ्याच्या भुशाला दिला. कोकणात आमच्या घरी नारळाची सोडणे पाणी तापवायच्या चुलीत जात. इथे त्याच सोडणांच्या भुशाची दाबलेली वीट डॉलर मोजून घ्यायची आणि तीच बेडकाच्या आतड्यात अडकायची, या विचाराने माझा फार संताप झाला होता. तो अभिप्राय चुकीचा होता. ज्यांनी तो वाचून टाकीतला भुसा काढून फेकला असेल त्यांची मी मनापासून क्षमा मागते.

बेडकांना तपासणारे पशुवैद्य सहज मिळत नाहीत. आम्हाला ज्या बाई मिळाल्या त्यांचा दवाखाना घरापासून पन्नास मिनिटांवर आहे. हवेसाठी भोके पाडलेल्या डब्यात ओला कागदी टॉवेल घालून, त्यावर ढब्बूला बसवून आणि डबा मांडीवर धरून मुलगी सगळा रस्ता गप्प होती. पशुवैद्यांनी त्याला हातात घेण्याआधीच मला विचारले की टाकीत तापमान किती असते. मी ठामपणे ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअस, असे सांगितले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला की हे ८० अंश कुठे मोजले आणि कशाने. त्यावर मी काचेवरच्या काट्याचे वर्णन केले आणि त्यांनी नुसती मान हलवली. क्ष-किरणांच्या फोटोत भुशाचा बोळा कुठेही दिसला नाही. दिसले ते जठरात तसेच पडून राहिलेले अन्न आणि आतड्यात साठलेला वायू. त्यांनी मला समजावून सांगितले की बेडकाला स्वतःची उष्णता नसते. पाचकरस किती वेगाने काम करतील आणि आतडे किती हलेल हे तो ज्या मातीत बसला आहे त्या मातीवर ठरते, आणि माती गार असेल तर खाल्लेले अन्न पोटात पचण्याऐवजी कुजू लागते. भुशाचे दोन-चार धागे गिळले तरी उबेत असलेला धडधाकट बेडूक ते बाहेर टाकतो. गारठलेल्या बेडकाच्या पोटात तेच धागे दुखण्यात भर घालतात. आम्ही मायेने भरवलेले गांडूळ म्हणजे बंद पडलेल्या गिरणीत आणखी एक पोते ओतण्यासारखे होते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला टोकदार डिजिटल तापमापक घेतला आणि ढब्बू बसतो तिथे मातीत तीन बोटे खोल खुपसला. काचेवरचा काटा ८० दाखवत होता आणि मातीचे तापमान ६६ होते, म्हणजे जेमतेम १९ सेल्सिअस. मग माझ्या ध्यानात आले की उन्हाळ्यात हे का उघडकीस आले नाही. जुलैत आमचे घरच ७८ अंशांवर असते, त्यामुळे टाकीतली माती आपोआप उबदार राहत होती. ऑक्टोबरात आम्ही बिलाचा विचार करून घराची हीटिंग दिवसा ६८ आणि रात्री ६४ वर ठेवली, माती घराबरोबर गार होत गेली, आणि काटा मात्र जागचा हलला नाही. संचातली हीट मॅट बाजूच्या काचेला चिकटवायची असते, आणि ते योग्यच आहे, कारण हा बेडूक उकडू लागले की खाली उकरत जातो आणि मॅट तळाशी असेल तर भाजतो. परंतु संचाच्या माहितीपत्रकातल्या चित्रात तापमापक त्याच काचेवर, मॅटच्या बरोबर वर दाखवला आहे. आम्ही चित्राप्रमाणे लावला आणि सहा महिने तापलेली काच मोजत बसलो.

जागा चुकीची म्हणून आकडा चुकला असे म्हणून मी त्या तापमापकाला माफही केले असते. पण खात्री करावी म्हणून मी तो रात्री फ्रिजमध्ये दुधाच्या कॅनशेजारी ठेवला. सकाळी माझा डिजिटल तापमापक तिथे ३९ अंश दाखवत होता आणि हा ६२. बोटाने टिचकी मारल्यावर काटा ५७ वर आला. मी दोन्हींचा एकत्र फोटो काढून कंपनीला पाठवला. तीन वेळा फोन केल्यावर त्यांनी एक नवा तापमापक पाठवला. तो मी जुन्याशेजारी ओट्यावर ठेवला, तर एकाच जागी, एकाच वेळी दोघांत नऊ अंशांचा फरक निघाला. हे कळवल्यावर मला सांगण्यात आले की संचातल्या सुट्या वस्तूची वेगळी किंमत नसल्यामुळे पैसे परत मिळत नाहीत, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ करण्यात आली. मला सूट नको होती. मला एवढेच हवे होते की त्यांनी ही वस्तू खोक्यातून काढावी आणि तिच्या जागी वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे मातीत खुपसायची मोजणारी कांडी, असलेला साधा डिजिटल तापमापक घालावा. तो बाजारात तेरा डॉलरला मिळतो, म्हणजे त्यांना त्याहून स्वस्तच पडेल. माझे दवाखान्याचे बिल चारशे दहा डॉलर झाले. पैशाचे दुःख आहेच, मी ते लपवत नाही. पण त्याहून मोठे दुःख हे आहे की जिवंत प्राण्यासाठीच्या खोक्यात खोटा आकडा दाखवणारी वस्तू घातली जाते आणि माझ्यासारखी प्रत्येक गोष्ट जपून करणारी माणसे त्या आकड्यावर विसंबून राहतात.

उपचार साधे होते, परंतु चिकाटीचे होते. दहा दिवस अन्न पूर्ण बंद. क्लोरामाइन काढलेल्या ८० अंशांच्या पाण्यात, हनुवटी वर राहील इतक्याच खोलीत, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे बसवायचे. टाकीत माती काढून कागदी टॉवेल आणि मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारे यंत्र, ज्याचा प्रोब टॉवेलखाली. तापमान एकदम न चढवता दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवायचे. तोंडातून ऑलिव्ह तेल घालण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. पशुवैद्यांनी त्याला स्पष्ट नकार दिला. चौथ्या दिवशी सकाळच्या अंघोळीत पाणी एकाएकी गढूळ झाले आणि माझ्या करंगळीएवढी काळी विष्ठा बाहेर आली, जिच्यात रातकिड्यांचे पाय आणि काथ्याचे धागे स्पष्ट ओळखू येत होते. मुलगी आनंदाने ओरडली, आणि मीही. त्यातला थोडा भाग ओल्या डबीत घालून तपासायला नेला. जंत आढळले नाहीत. आजाराआधी ढब्बूचे वजन १४२ ग्रॅम होते, सर्वांत कमी ते १२४ झाले आणि आज १३९ आहे. ज्यांना ऋतूमुळे मंदावलेली भूक आणि आजार यांतला फरक कळत नाही त्यांनी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बेडकाचे वजन करावे. आमचा ढब्बू खात नव्हता, पोट फुगत होते आणि तरीही वजन उतरत होते. या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या असत्या तर मी अकरा दिवस थांबले नसते.

काथ्याचा भुसा डिसेंबरात पुन्हा टाकीत आला आहे. तो ओल उत्तम धरून ठेवतो, सहसा बुरशी धरत नाही, आणि बारीक चाळलेला असेल तर त्यात खोट काढण्यासारखे मला काही सापडले नाही. सोडणांचे मोठे तुकडे मात्र घेऊ नयेत. अन्न आम्ही आता मातीवर न देता चिमट्याने, एका सपाट बशीवर देतो, म्हणजे उसळी मारताना तोंडात माती जात नाही. भुशाला मी त्याचे तारे परत करते. टाकी आणि झाकण यांनाही पूर्ण गुण. थर्मोस्टॅट संचात नाही याबद्दल एक तारा कापते आणि तापमापकाबद्दल दोन, म्हणून एकूण पाचपैकी दोन.  

काल रात्री साडेनऊ वाजता मातीतला प्रोब ७९ दाखवत होता. मुलीने बशीवर एक मध्यम गांडूळ धरले, ढब्बूने ते एका उसळीत घेतले, आणि त्याचे दोन्ही डोळे डोक्यात बुडून पुन्हा वर येईपर्यंत आम्ही दोघी टाकीसमोर बसून होतो.