आबांच्या घराचा टॅक्स 'भरला' आणि 6,49,000 रुपये गेले

हे लिहायला दहा वेळा बसले आणि उठले. मी बी.कॉम. आहे, म्हणून जास्त लाज वाटते.

चिंचवडचा फ्लॅट आबांनी 1989 साली 1,85,000 ला घेतला. 2016 मध्ये 200 रुपयांच्या मुद्रांकावर त्याचं बक्षीसपत्र माझ्या नावे केलं. 2022 मध्ये आबा गेले, आई माझ्याकडे आली, घर बंद पडलं. ऑक्टोबर 2024 मध्ये 52,00,000 ला विकलं. घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापला, 52,000.

चुलतभावाच्या ओळखीचा एक 'सीए साहेब' भेटला. म्हणाला, "ताई, गिफ्ट मिळालेलं घर, तुमची खरेदी किंमत शून्य. सगळी रक्कम नफा." 52 लाखांचे साडेबारा टक्के 6,50,000, वर चार टक्के सेस 26,000, त्यातून टीडीएस वजा, भरायचे 6,24,000. फी 25,000. "15 डिसेंबरच्या आत अॅडव्हान्स टॅक्स गेला नाही तर व्याज लागेल." ही तारीख खरी होती, म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

पैसे त्याच्या बायकोच्या खात्यावर पाठवले. हो, मीच. "तुमच्या बँकेतून पोर्टलवर जात नाही, मी भरतो." टॅक्स भरायला दुसऱ्या कोणाच्याही खात्याची गरज नसते. आयकराच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समधून आपल्याच नेटबँकिंगने भरता येतो.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर चलन आलं. पॅन बरोबर, रक्कम बरोबर, पण असेसमेंट इयर 2024-25. विक्री ऑक्टोबर 2024 ची, म्हणजे 2025-26 हवं. मला ते दिसलं होतं! विचारलंही. "सिस्टिम आपोआप सुधारते, ताई." आणि मी फोन ठेवून आईचं औषध द्यायला उठले. आबा लाइटबिलाची पावतीसुद्धा दिव्याखाली धरून वाचायचे. त्याच वेळी आयकर पोर्टलवरचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) उघडलं असतं तर संपलं असतं. भरलेला टॅक्स तिथे काही दिवसांत दिसतो.

ते उघडलं ऑगस्ट 2025 मध्ये, रिटर्न भरताना, खऱ्या सीएसमोर बसून. तिथे फक्त टीडीएसचे 52,000. त्यांनीच सांगितलं की 'खरेदी शून्य' ही शुद्ध थाप. बक्षीस मिळालेल्या घराला आधीच्या मालकाची किंमत आणि त्याचाच काळ धरतात. घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत घेता येते, तेव्हाच्या सरकारी दरापर्यंत. ती निघाली 8,00,000. 363 च्या महागाई निर्देशांकाने, म्हणजे 3.63 पट, 29,04,000. नफा 22,96,000, त्यावर वीस टक्के (साडेबारा टक्के निर्देशांक न धरता असतात) आणि सेस मिळून 4,77,568. म्हणजे त्याने लुटलं, वर टॅक्सही फुगवून सांगितला. आयकराच्या 54 ईसी कलमाखालच्या बाँडमध्ये पैसे घालून टॅक्स वाचवता आला असता, पण त्याची सहा महिन्यांची मुदत एप्रिलमध्येच संपली होती.

आता तो टॅक्स व्याजासकट परत भरायचा. आयकर कार्यालयातला बाबू म्हणाला, "पॅन तुमचा, जबाबदारी तुमची." बनावट चलन दाखवलं तर त्याने चष्मा पुसला. पोलीस चौकीत, "तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, ही दिवाणी बाब." सायबरवाले, "हा माणूस तुमच्या ओळखीचा, हे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही, चौकीत जा." चौकीत परत गेले तर साहेब बंदोबस्ताला! खोटं सरकारी चलन बनवणं दिवाणी कधीपासून झालं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 काय शोभेला आहे? तीन महिन्यांत सात फेऱ्या मारल्या. हातात एक पोच, तीही शिक्क्याशिवाय.

सीए म्हणणाऱ्याला सदस्य क्रमांक मागा आणि सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) साइटवर तपासा. मी मागितला नाही, कारण भावाला वाईट वाटेल. सर्टिफिकेट दिलं तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे पडताळता येणारा ओळख क्रमांक, असतो. चलनावर बँकेचा बीएसआर कोड आणि अनुक्रमांक असतो, पण पीडीएफ कोणीही बनवतो. ते एआयएसशी ताडून बघा. आणि पैसे गेल्याचं कळल्या क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखं आधी नातेवाइकांना विचारत बसू नका.

भाऊ म्हणतो, "तो तसा नव्हता गं." मंगळवारी परत चौकीत जायचंय. या वेळी भावालाच बरोबर नेणार आहे, त्यानेच सांगावं साहेबांना.