शाब्ली की म्यूर्सो?

दोन्ही फ्रान्सच्या पांढऱ्या वाइन, आपापल्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. द्राक्ष एकच, शार्डोने. प्रांतही एकच, बर्गंडी. तरी दोन पेले शेजारी ठेवले तर एकाच द्राक्षाच्या वाइन आहेत हे पटत नाही.

शाब्ली उत्तरेला, सेराँ नदीकाठी. तिथली जमीन चुनखडी आणि चिकणमातीची, त्यात इवल्याशा कालवांचे जीवाश्म खच्चून भरलेले. थंडीमुळे द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. वसंतात कोंब फुटले की रात्रीच्या थंडीत ते गोठण्याची धास्ती असते. एप्रिल २०२१ मध्ये मोठं नुकसान झालं. अशा रात्री शेतकरी बागेत शेगड्या पेटवतात किंवा वेलींवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचात कोंब वाचतो. मला हे फार विलक्षण वाटतं. साधी शाब्ली बहुधा स्टीलच्या टाक्यांत मुरते, म्हणून लाकडाचा वास नाही. लिंबू, हिरवं सफरचंद आणि ओल्या दगडासारखी चव.

म्यूर्सो शंभरहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, बोन शहराजवळ. इथे २२८ लिटरची ओकची पिंपं. वाइन भरदार, लोणी आणि भाजलेल्या हेझलनटची आठवण देणारी. गंमत म्हणजे गावात एकही ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मळा नाही, पण पेरिएरसारखे प्रीमिए क्रू, म्हणजे त्याखालच्या दर्जाचे मळे त्या तोडीचे मानले जातात. शाब्लीत ग्राँ क्रूचे सात मळे आहेत, आणि तिथे काही जण पिंपंही वापरतात.

कालवं, साधी मासळी असेल तर मी शाब्लीच घेईन. क्रीमच्या सॉसमधल्या कोंबडीसोबत मात्र म्यूर्सो.