नातेवाइकांसाठी सिस्टरांचा तास: सांगलीतील एका सेवेविषयी

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका खासगी मानसोपचार दवाखान्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी दर आठवड्याला एक सत्र होते आणि ते डॉक्टर नव्हे, तर तिथल्या मानसोपचार परिचारिका घेतात. माझ्या धाकट्या भावाचे उपचार तिथे चालू असल्याने आई आणि मी या सत्रांना जात असतो. गोळ्यांच्या चिठ्ठीइतकाच आमच्या घराला या तासाचा आधार आहे, असे माझे मत झाले आहे.

ओपीडीतला वेळ डोस, झोप आणि भूक विचारण्यातच संपतो. घरी गेल्यावर त्या माणसाशी बोलायचे कसे, हे कोणी सांगत नाही. सिस्टर नेमके तेच हाती घेतात, आणि उपदेश न करता घरात रोज बोलले जाणारे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवायला लावतात. एका काकूंनी आपले वाक्य सांगितले, "दुपार झाली तरी लोळतोयस, आम्ही गेल्यावर तुला कोण घालणार खायला?" त्यावर सिस्टर म्हणाल्या, "काकू, यातली आज होण्यासारखी एकच गोष्ट मागा." बरीच खटपट झाल्यावर काकूंच्या तोंडी "साडेनऊला चहा ठेवते, तोंड धुऊन ये" एवढेच उरले.

यामागे जुने संशोधन आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. मात्र आजार घरच्यांमुळे झालेला नाही, हे सिस्टर आधी बजावतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर आया हाही दोष स्वतःच्या माथी घेऊन घरी जातील. कानात येणाऱ्या आवाजांविषयीही त्यांचा सल्ला असाच नेमका असतो: हुज्जत घालू नये, खोटा होकारही देऊ नये, "मला तो आवाज येत नाही, पण तुला त्रास होतोय हे कळतंय," इतकेच म्हणावे.

इथे येण्याआधी नरसोबाच्या वाडीला फेऱ्या घालून आलेली कुटुंबे पुष्कळ असतात. सिस्टर त्यांना खजील करत नाहीत; दर्शनाला जरूर जा, गोळी मात्र चुकवू नका, असे सांगतात. आमटीत गोळी कालवण्याबाबत मात्र त्या स्पष्ट नापसंती दाखवतात, कारण ते एकदा उघडकीस आले की जेवणावरचा विश्वासही उडतो. त्याऐवजी महिनाभर किंवा काही आठवडे परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांशी बोलायला सुचवतात. माझा भाऊ एका जागी बसेना, दिवसभर येरझारा घालू लागला, तेव्हा आईला आजार वाढल्यासारखे वाटले होते. ही औषधाने येणारी अस्वस्थता असू शकते, हे सिस्टरांनीच ओळखून त्याच दिवशी डॉक्टरांची भेट घडवली आणि डोस बदलल्यावर ती ओसरली.

आईचा रक्तदाब आणि झोप यांचीही त्या वेगळी नोंद ठेवतात, याचे मला विशेष वाटते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळू शकते आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्ण आपला प्रतिनिधी नेमू शकतो, ही माहितीही आम्हाला तिथेच मिळाली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या फाइलवर लिहिलेला असतो.

उणिवा आहेतच. सत्र कामाच्या दिवशी सकाळी असल्यामुळे मार्केट यार्डात किंवा कुपवाडच्या कारखान्यांत काम करणारे वडील आणि भाऊ येऊच शकत नाहीत. सगळे शिकायचे ते आई आणि बायकोने, असा त्याचा अर्थ होतो. जत-आटपाडीकडून येणाऱ्यांचा तर अख्खा दिवस एसटीतच जातो. शिवाय खोलीचे पार्टिशन इतके पातळ आहे की आतले बोलणे बाहेरच्या बाकावर ऐकू येते, आणि या आजारात ती गैरसोय किरकोळ म्हणता येणार नाही. फोनवरून सत्र घेण्याची विनंती आम्ही केली आहे, अजून निर्णय झालेला नाही.

या सत्रासाठी वेगळी फी नाही. रुग्ण यायला तयार नसला तरी घरच्यांना एकटे बसता येते. सर्वसाधारण माहिती सर्वांना मिळते, रुग्णाचे खासगी बोलणे मात्र त्याच्या संमतीशिवाय सिस्टर सांगत नाहीत. पहिल्यांदा जाताना जुने केसपेपर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात.