विश्रामबागमधलं मेडिकल, गोळी देतात आणि घ्यायची कशी तेपण सांगतात

सांगलीत मेडिकलं पायलीला पन्नास, पण विश्रामबागच्या गल्लीतलं हे छोटं दुकान वेगळंय बघा. आण्णांची छातीत दुखल्यावरची सॉर्बिट्रेट आणायला गेलेलो, काउंटरवरच्या ताईंनी विचारलं घेतात कशी, म्हटलं पाण्याबरोबर गिळतात की, तर हातातलं बिल तसंच सोडून म्हणाल्या, अहो दादा दुखायला लागल्यावर ही जिभेखाली ठेवायची, तिथल्या पातळ त्वचेतून सरळ रक्तात जाते, दोन-पाच मिनिटांत काम सुरू, गिळली की आधी पोट मग आतडं मग लिव्हर, आणि बरंचसं औषध लिव्हरच मोडून टाकतं. वर बसूनच घ्या म्हणाल्या, बीपी उतरून चक्कर येते.

आईची ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलपण आम्ही कुटून द्यायचो (हुशारी आमची!). तिचं वरचं कोटिंग पोटातल्या ॲसिडपासून औषध वाचवायला असतं, आतड्यात जाऊनच विरघळतं म्हणे.

डिस्काउंट फारसा नाही, संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही आणि सुट्ट्याऐवजी गोळ्या-चॉकलेट हातावर टेकवतात, त्याचा एक स्टार कापला. चार स्टार.