ओरछाला जाताय? खोलीचे पैसे भरण्याआधी हे वाचा

सुट्टीत ओरछाला जायचा बेत असेल तर दोन मिनिटं काढून हे वाचा. आमचे पैसे ज्या पद्धतीने गेले, त्याच पद्धतीने आणखीही कुटुंबं फसली आहेत.

ओरछा म्हणजे मध्य प्रदेशात बेतवा नदीकाठची, जंगलाने वेढलेली बुंदेल्यांची जुनी राजधानी, १५३१ साली वसवलेली. सीएसएमटीहून पंजाब मेल थेट झाशीला जाते आणि तिथून ओरछा अगदी जवळ, त्यामुळे आम्हा मुलुंडकरांना सोयीचं. सासूबाईंना रामराजाचं दर्शन घ्यायचं होतं. तिथे राम राजा म्हणून पूजला जातो, पोलीस त्याला रोज सलामी देतात. राजवाड्यांच्या आवारातच मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाचं एक सरकारी हॉटेल आहे. खोल्या थोड्या, मागणी भरपूर. भामट्यांना नेमकं हेच सोयीचं पडतं.

दिरांनी नेटवर हॉटेलचं नाव टाकलं. सगळ्यात वर आलेल्या पानावर हॉटेलचेच फोटो होते आणि खाली मोबाईल नंबर. फोन उचलणारा माणूस इतका मुरलेला होता की शंका यायला जागाच नव्हती. "माताजी साथ में हैं? तो नीचे वाला कमरा देता हूँ, सीढ़ियाँ नहीं चढ़नी पड़ेंगी." आरतीची वेळ, जहांगीर महालाच्या बाजूची खिडकी, झाशीहून गाडीचं भाडं, सगळं त्याने न विचारता सांगितलं. तीन हजार आगाऊ भरल्यावर व्हॉट्सॲपवर शिक्क्यासकट पावती आली.

खरा डाव पुढे होता. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला: बुकिंग 'कन्फर्म' होत नाहीये, एक कोड टाकावा लागेल. कोड होता १८६४०. तो कुठे टाकायचा? यूपीआय ॲपमध्ये, रकमेच्या रकान्यात! "ये अमाउंट नहीं है सर, बुकिंग नंबर है, पैसा नहीं कटेगा." फोन चालू ठेवून तो घाई करत होता, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणत होता. पिन टाकताच अठरा हजार सहाशे चाळीस रुपये गेले. मग म्हणे, ते परत मिळवायला आता १८६४१ टाका. तेवढ्यात मी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव वाचलं. ना हॉटेल, ना महामंडळ, कुणा भलत्याच माणसाचं खातं. फोन तिथेच कापला.

रकमेच्या रकान्यातला आकडा म्हणजे पैसेच, त्याला समोरचा काहीही म्हणो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते मोठ्याने वाचा. सरकारी हॉटेलची खोली मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाच्या संकेतस्थळावरूनच घ्या आणि फोन करायचा तर तिथलाच नंबर घ्या. शोधात वर दिसणारं पान पैसे मोजून लावलेली जाहिरात असू शकतं. नकाशावरच्या नंबरवरही विसंबू नका, तो बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतं. आणि समोरच्याला गावाची खडान्‌खडा माहिती आहे म्हणून तो हॉटेलचा माणूस ठरत नाही. ती माहिती कुठल्याही प्रवासवर्णनात सापडते. याच एका गोष्टीने आमच्या घरातली चार शहाणी माणसं निर्धास्त झाली, म्हणून पुन्हा सांगते.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, रडारड नंतर. आम्ही लगेच लावला, व्यवहार क्रमांक दिला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवलं. त्यामुळे काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली. बाकीची त्याआधीच काढून घेतली होती.

ओरछाला आम्ही गेलोच, खोली दुसरीकडे घेऊन. त्या सरकारी हॉटेलात मुद्दाम जाऊन स्वागतकक्षात पावती दाखवली. तिथल्या बाईंनी ती हातात घेण्याआधीच ओळखली. अशाच पावत्या घेऊन लोक म्हाताऱ्या माणसांसकट, सामानासकट दारात येतात, असं त्या म्हणाल्या. त्या नंबरची तक्रार आम्ही केली आहे. तुमच्याकडेही अशी पावती असेल तर निघण्याआधी महामंडळाकडून खात्री करून घ्या, आणि खोटी निघाली तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा.