पेट्रोल लाइनच्या नावाखाली 44,750 रुपयांची टोपी

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. गाडीची पेट्रोलची नळी बदलून घ्यायला 44,750 रुपये दिले. त्यातले 30,000 यूपीआयने आगाऊ, 14,750 रोख. बिल नाही. "बिल हवं तर 18 टक्के वर पडतील सर," असं गॅरेजवाला म्हणाला आणि मी हुशारीनं 8,055 रुपये वाचवले.

मी नवशिका नाही हो. ऑटोक्रॉसची, म्हणजे मोटर शर्यतीची, माझी मारुती एस्टीम, आतला संरक्षक सांगाडा (केज) सोडला तर, सगळी मीच कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये उभी केली. दगड लागून तळाची पेट्रोल लाइन चेपली, म्हणून ती केबिनच्या आतून न्यायची ठरवली. पेट्रोलचं काम हौशी हातानं करू नये, जाणकाराकडे द्यावं, एवढ्या शहाणपणानंच मी पुण्याच्या त्या गॅरेजात गेलो. त्या गॅरेजवाल्याचं काम बघितलेले दोघे ओळखीचे होते. बघितलेलं म्हणजे फोटोत, हे नंतर कळलं.

हिशोब असा: टेफ्लॉनची एएन सिक्स मापाची होज (लवचिक नळी) 9 मीटर, 13,050. फिटिंग (होजच्या टोकाचे जोड) 14 नग, 13,300. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) आणि डिकीच्या पत्र्याला मिळून बल्कहेड फिटिंग (पत्र्यातून लाइन आरपार नेणारे जोड) 4 नग, 6,400. मजुरी 12,000.

आता जे आठवलं की अजून झोप उडते ते. त्यानं माझ्यासमोर ती स्टीलच्या जाळीची होज मुठीभोवती गुंडाळून दाखवली. "बघा सर, किती फ्लेक्सिबल." मी म्हणालो, वा! अरे, टेफ्लॉनची नळी ताठ असते. इतकी वळवली तर मोडते, चिमटते. मुठीभोवती वळतं ते साधं रबर. हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना सांगितलेलं होतं. पण समोर लाल-निळी ॲनोडाइज्ड फिटिंगं झगमगत होती आणि डोकं गहाण पडलं होतं. गाडी घेताना एका लाल रिंगेच्या कडेला बारीक स्क्रू दिसला, तेव्हा विचारलंसुद्धा. "लॉकिंग आहे सर." मी मान डोलावली. खऱ्या फिटिंगला पाना लागतो, स्क्रूड्रायव्हर नाही.

पुढच्या स्पर्धेत स्क्रूटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडी तपासणीला, तपासणीसानं वाकून वास घेतला, स्क्रूड्रायव्हर मागितला आणि तो स्क्रू फिरवला. लाल रिंग टरफलासारखी सुटली. आत जुबिली क्लिप, स्क्रूनं आवळायची साधी पट्टी. सायकलच्या दुकानातसुद्धा मिळते ती. होज कापली तर जाळीखाली काळं रबर, E20 (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पिऊन फुगलेलं, नखानं खरवडलं तर निघणारं. इंजेक्शनच्या गाडीत लाइनला साधारण तीन बारचा दाब असतो आणि हे माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावरून चाललं होतं. बल्कहेड फिटिंग शोधली, सापडली शून्य. फायरवॉलला नुसतं भोक, भोकाच्या कडेला रबराचं ग्रोमेटसुद्धा नाही, वरून सिलिकॉन फासलेलं. पत्र्याच्या धारेवर जाळी घासून तिची कुसळं निघाली होती. पलीकडे तीच जाळी स्टार्टरच्या जिवंत टर्मिनलपासून दोन बोटांवर. त्या दोघांची भेट झाली असती तर ठिणगी आणि पेट्रोल एकाच जागी.

एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात स्पष्ट आहे: केबिनमधून जाणाऱ्या लाइनला आत जोड नको, असेल तर फक्त केबिनच्या पुढच्या-मागच्या आडव्या पत्र्यालाच (बल्कहेडला). लवचिक इंधन लाइन 135 अंशांना किमान 70 बार सोसणारी हवी. माझ्या केबिनमध्ये तीन जोड होते. सीटमागे वाकून बघण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

गॅरेजवाल्याला फोन केला तर, "तुम्हीच छेडछाड केली असेल." मग नंबर ब्लॉक. पोलीस ठाण्यात गेलो. कापलेली होज टेबलावर ठेवली. साहेबांनी ती दूर सरकवली, वास येतो म्हणून. विचारलं, "गाडी पेटली का? नाही ना? मग ही दिवाणी बाब." म्हणजे मी भाजून यायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला, "हद्द पुण्याची." पुण्यात, "तुम्ही राहता कोल्हापुरात." तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तपासणीसाला म्हटलं, जे दिसलं तेवढं कागदावर लिहून द्या. "आम्ही फक्त पास-नापास करतो." नापास मात्र लगेच लिहिलं, आणि 7,500 प्रवेश फी बुडाली. ग्राहक आयोगाकडे घरबसल्या, आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. पण वकिलाचा पहिला प्रश्न काय? बिल कुठाय?

सगळ्यात राग याचा की माझे मूळचे लोखंडी पाइप त्यानं "भंगार" म्हणून ठेवून घेतले. तेच नीट सरळ करून, पी क्लिपांनी धरून, दोन्ही टोकांना आखूड होज लावली असती तर काम 6,000 च्या आत झालं असतं. आता दुसऱ्या पाइपांनी तसंच केलंय. जुने भाग परत मागा. होजचा तुकडा समोर कापायला लावा. जो कापायला कुरकुरतो त्याच्याकडून गाडी उलट फिरवा.

आणि एक. त्याच्या गॅरेजात माझ्या शेजारी पांढरी झेन उभी होती, बॉनेटवर काळा पट्टा, नंबरप्लेट काढलेली. तिला तीच लाल-निळी फिटिंगं बसत होती. ती गाडी तुमची किंवा ओळखीतल्या कुणाची असेल, तर स्टार्टर मारण्याआधी लाल रिंगेच्या कडेला स्क्रू आहे का बघा.