एफएम रेकॉर्डिंगसाठी घरचा रिसीव्हर : गँग-कॉइल, मॉड्यूल की डोंगल?

आत्या रात्री नऊला झोपते आणि विविध भारतीवर छायागीत लागतं दहाला. तिला ते सकाळी पोळ्या लाटताना ऐकायचं असतं. एवढ्या एका कारणासाठी मी आजवर तीन प्रकारचे एफएम रिसीव्हर जोडले. पुण्याचं १०१ मेगाहर्ट्झ तिन्हींवर लागतं. पण रोज रात्री, जवळ कोणी नसताना, आपोआप रेकॉर्डिंग व्हायला हवं म्हटलं की तिघांत मोठा फरक पडतो. म्हणून सामान आणायच्या आधी मनाशी ठरवा, तुम्हाला रेडिओ बनवायची हौस भागवायची आहे की रेकॉर्डिंग हवं आहे. मी हे आधी ठरवलं असतं तर थेट दुसऱ्या पर्यायापासून, म्हणजे मॉड्यूलपासून, सुरुवात केली असती.

पहिला पर्याय गँग-कॉइलचा, म्हणजे फिरवून बदलायचा कपॅसिटर (गँग) आणि तारेचे वेढे (कॉइल) यांवर स्टेशन लावायचा. फिलिप्सने १९८३ मध्ये आणलेली टीडीए ७००० ही आयसी घरी रेडिओ बनवणाऱ्यांची जुनी लाडकी. रेडिओ आलेला सिग्नल आधी एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणतो; नेहमीच्या एफएम रेडिओत ती १०.७ मेगाहर्ट्झ असते, इथे ती ७० किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे आयएफटीचे, म्हणजे मधल्या वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरचे, डबे जुळवत बसावं लागत नाही. कॉइल ड्रिल बिटवर गुंडाळायची, वेढे किंचित ताणले की स्टेशन सरकतं. ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हाचा आनंद मी विसरणार नाही. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंग न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, मात्र हे करू नका. शंभर मेगाहर्ट्झला त्यातल्या पट्ट्यांमधली दोन-चार पिकोफॅरडची कपॅसिटीसुद्धा सगळं ट्यूनिंग बिघडवते. तांब्याच्या कोऱ्या बोर्डवर, तारा आखूड ठेवून जोडा.

रेकॉर्डिंगला हा रेडिओ कामाचा नाही. मे महिन्यात दुपारी लावलेलं स्टेशन रात्री दहापर्यंत जागेवर राहत नाही, कारण कॉइल आणि गँग तापमानाबरोबर बदलतात. शिवाय ट्यूनिंग चुकलं की ही आयसी आवाजच बंद करते. हाताने स्टेशन शोधताना ही सोय छान वाटते, पण माझ्याकडे तिच्यामुळे अर्ध्या तासाची शांतता रेकॉर्ड झाली होती. आवाज मोनो असतो. आयसीचं उत्पादन बंद होऊनही बरीच वर्षं झाली, त्यामुळे बाजारात मिळेल ती खरी असेलच असं नाही.

दुसरा पर्याय मॉड्यूलचा, आणि माझं मत याच्याच बाजूने आहे. आरडीए ५८०७एम किंवा टीईए ५७६७, नखाएवढ्या बोर्डवरचा अख्खा स्टिरिओ रिसीव्हर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारा. किंमत शंभर-दोनशेच्या घरात. वारंवारता क्वार्ट्झ स्फटिकावर बांधलेली असते, म्हणून १०१.० सांगितलं की पावसाळ्यातही १०१.०च. आकडा सांगायला एखादा मायक्रोकंट्रोलर (अर्डुइनो किंवा ईएसपी३२सारखा प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) लागतो, दोन तारांवर. इथे एक काळजी घ्या. टीईए ५७६७ पाच व्होल्टवर चालतं, पण आरडीए ५८०७एम ३.३ व्होल्टचं आहे. ते पाच व्होल्टच्या अर्डुइनोला थेट जोडू नका, ईएसपी३२ घ्या. कमकुवत स्टेशन आरडीएवर मला जास्त बरं लागलं आणि हेडफोनही त्याच्यावर थेट चालतो, म्हणून दोन्हींत मी आरडीए घेईन.

मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिताना डी-एम्फसिसचा बिट जरूर तपासा. प्रक्षेपण करताना तार स्वर मुद्दाम उचललेले असतात आणि रिसीव्हरने ते तेवढेच खाली आणायचे असतात. आपल्याकडे त्याचं मान ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. आरडीएमध्ये तो बिट शून्य राहिला की ७५ लागू होतं आणि लताबाईंचा आवाज गोधडीआडून आल्यासारखा वाटतो. मी कितीतरी दिवस स्पीकरला दोष देत होतो.

मॉड्यूलची खरी अडचण रेडिओत नाही, त्याच्यापुढच्या वायरमध्ये आहे. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं, त्यावर माइकसाठी थोडं व्होल्टेज असतं आणि रेडिओचा आवाज त्याला फार मोठा पडतो. ‘लाइन-इन’ असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. तेही नसेल तर कपॅसिटर घालून १० किलोओम आणि १ किलोओमच्या दोन रोधांचा (रेझिस्टरांचा) विभाजक लावा, म्हणजे आवाज अकरावा हिस्सा होतो. दुसरा त्रास ५० हर्ट्झच्या घरघरीचा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूपचा) आहे, म्हणजे रेडिओ आणि लॅपटॉप अर्थिंगने दोन वाटांनी जोडले गेलेत. मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की काम होतं. यावर माझे दोन रविवार गेले, रेडिओ मात्र एका संध्याकाळी जोडून झाला होता.

वेळेचं काम सोपं आहे. लिनक्सवर क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) आणि ए-रेकॉर्ड (आवाज टिपणारा) हे प्रोग्रॅम, विंडोजवर ऑडॅसिटीचं टायमर रेकॉर्डिंग. एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच येतो, त्यामुळे ३२ किलोहर्ट्झचा नमुना-दर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ३२ हजार मोजमापं, पुरतो. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत अर्धा तास साधारण २९ एमबीत बसतो.

तिसरा पर्याय आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात हा कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावून टीव्ही बघायचा डोंगल. त्यातल्या आरटीएल २८३२यू चिपमधून कच्चे रेडिओ नमुने बाहेर काढता येतात हे २०१२ मध्ये सर्वांना कळलं आणि पुढचा सगळा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये बनू लागला. आवाज वायरमधून जातच नाही, म्हणून साउंड कार्ड नको, विभाजक नको, आवाजाच्या वायरीतून शिरणारी घरघर नाही. स्फटिक ५० पीपीएमने (दहा लाखांत पन्नास) चुकला तरी शंभर मेगाहर्ट्झला फरक फक्त ५ किलोहर्ट्झ, एफएमला तो जाणवतही नाही. एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा हाती येतो, म्हणजे मुंबईत ९१.१ आणि ९२.७ दोन्ही एकाच डोंगलवर एकाच वेळी रेकॉर्ड होतील. हे वरच्या दोघांना जमणार नाही.

पण कच्चे नमुने साठवायचा मोह टाळा, तासाला १७ जीबी जातात. आरटीएल-एफएम हा साधा प्रोग्रॅम वापरलात तर तो मोनो देतो आणि त्याचं डी-एम्फसिस ७५चं आहे. आठ बिटांचा हा डोंगल जवळच्या ताकदवान स्टेशनखाली दबतो आणि भलत्याच जागी भुताटकीची स्टेशनं दिसू लागतात. आपोआप गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते प्रमाण) बंद करून तो हाताने कमी करा. किंमत हजारांत जाते. घरात अभियांत्रिकीचं मूल असेल तर मात्र हाच घ्या. १९ किलोहर्ट्झचा स्टिरिओ पायलट, म्हणजे प्रक्षेपण स्टिरिओ असल्याची खूण सांगणारा सूर, पडद्यावर काठीसारखा उभा दिसतो, तो पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर समजतो.

आकाशवाणीची बरीच केंद्रं न्यूजऑनएअर या तिच्याच अ‍ॅपवर इंटरनेटवरून मिळतात. तुमचं नेट भरवशाचं असेल आणि हवं ते केंद्र तिथे असेल, तर सोल्डरिंगची गरज नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सामुदायिक केंद्रांची, जसं म्हसवडचं माणदेशी तरंग ९०.४ किंवा पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४. अशा केंद्रांना प्रक्षेपणाला सर्वसाधारणपणे १०० वॉटपर्यंतचीच परवानगी असते, त्यामुळे टप्पा मोजक्या किलोमीटरांचा. गावातल्या बाईने गायलेली ओवी एकदा हवेत गेली की परत ऐकायला मिळेलच असं नाही. ती टिपायची असेल तर त्या गावात कोणाच्या तरी घरी मॉड्यूल आणि जुना लॅपटॉप चालू हवा. स्वतःसाठी ठेवा; पुढे कुठे टाकायची असेल तर केंद्राला आधी विचारा.

तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी सोबत आलेल्या वीतभर तारेवर थांबू नका. १०१ मेगाहर्ट्झसाठी ७१ सेंटीमीटरच्या दोन तारा एका रेषेत, विरुद्ध दिशांना ताणा आणि मधून कोअॅक्सियल वायर (टीव्हीच्या केबलसारखी) खाली आणा. आमच्याकडे हा डायपोल खिडकीच्या लोखंडी जाळीच्या आत होता तोवर स्टिरिओत सतत सळसळ असायची. जाळीबाहेर, वाळत घालायच्या काठीला बांधला त्या रात्रीपासून ती गेली.